बदकाची स्किन हाताळताना: पक्षी-संग्रहात नव्याने आलेल्यांसाठी

बदकाची स्किन, म्हणजे अभ्यासासाठी कापूस भरून जपलेलं बदक, इतर पक्ष्यांच्या स्किनपेक्षा लवकर खराब होते, आणि ती बाहेरून नाही, आतून खराब होते. पाण्यावर राहणारा हा पक्षी. कातडीखाली चरबीचा जाड थर आणि शेपटीच्या मुळाशी तेलाची भरगच्च ग्रंथी. तयार करणाऱ्याने ही चरबी नीट खरवडली नसेल तर ती पुढची पन्नास-साठ वर्षंसुद्धा झिरपत राहते. आधी छातीवरची पिसं चिकट होतात, मग कातडी तपकिरी पडून पापडासारखी मोडते, आणि शेवटी पायाला बांधलेलं लेबल तेल पिऊन भजी बांधलेल्या कागदासारखं आरपार दिसायला लागतं. त्यात ठाण्याची हवा. जून ते सप्टेंबर कपाटाच्या आतसुद्धा ओल. खंड्या-हळद्याच्या खणात जी ढिलाई एखाद वेळी खपून जाते, ती बदकांच्या खणात खपत नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहात तुम्ही पहिल्यांदाच काम करणार असाल तर तुमच्या वाट्याला येणारे पक्षी साधारण हे: थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, हळदी-कुंकू, अडई, क्वचित चक्रवाक किंवा नकटा. यातले थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक आणि चक्रवाक हे हिवाळी पाहुणे. हळदी-कुंकू, अडई आणि नकटा इथलेच.

‘स्किन’ म्हणजे काचेचे डोळे लावून दिवाणखान्यात उभा केलेला पक्षी नव्हे. आतलं धड काढून कापूस भरलेला, पाठीवर झोपवलेला, पंख मिटलेले, पाय एकमेकांवर ठेवून बांधलेले, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, असा तो असतो. दिसायला साधा, पण एका खणात दहा-पंधरा मावतात आणि शेजारी-शेजारी ठेवून पिसांची तुलना करता येते. संग्रहाचा सगळा उपयोग त्या तुलनेत आहे.

हात लावण्याआधी

जुन्या स्किनना कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळत. १८व्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. काही ठिकाणी पाऱ्याचे क्षार आणि पुढे डीडीटीही वापरलं गेलं. म्हणून १९८० च्या आधीची किंवा तारीखच नसलेली प्रत्येक स्किन विषारी आहे असं धरूनच चाला. डोळ्यातल्या कापसाभोवती, चोचीच्या कडेला, पायांच्या मुळाशी आणि पोटाच्या शिवणीवर पांढरट पूड दिसली तर संशय पक्का समजा. पण पूड दिसली नाही म्हणून आर्सेनिक नाही असं होत नाही. खात्री हवी असेल तर हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) यंत्राने तपासणी करून घेता येते, पिसालाही धक्का लागत नाही.

नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती नकोत: त्यातून पूड आत जाते आणि बदकाच्या नखात धागा अडकतो. तोंडाला एन-९५ मास्क, अंगात कोट, आणि तो कोट त्या खोलीतच राहू द्या. चहा-वडापाव बाहेर, हे कुणी सांगायला लागत नाही. चूक होते ती मोबाइलशी. हातमोजा घातलेल्या हाताने फोटो काढायचा आणि तोच फोन कानाला लावायचा, असं दिवसातून चार वेळा होतं. फोटोसाठी वेगळा कॅमेरा ठेवा किंवा दोघांनी मिळून काम करा, एकाने पक्षी, दुसऱ्याने फोन.

पिसांवरची धूळ फुंकर मारून उडवू नका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही चालत नाही; बारीक पूड त्याच्या मागच्या बाजूने खोलीभर पसरते, हेपा (बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरवालाच हवा. टेबलावर पांढरा कागद अंथरा, काम संपल्यावर तो आतल्या बाजूला दुमडून घातक कचऱ्यात टाका. झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

उचलायचं कसं

खण अर्धवट ओढून त्यात हात घालू नका. पूर्ण बाहेर काढून टेबलावर ठेवा. उचलण्याआधी शेजारच्या पक्ष्याच्या लेबलाचा दोरा याच्या नखात अडकलाय का ते पाहा. बहुतेक लेबलं याच एका कारणाने तुटतात.

एक हात पाठीखाली, दुसरा मान आणि डोक्याखाली. चोचीला, पायांना, लेबलाला धरून कधीच नाही. बदक मोडतं ते मानेच्या मुळाशी. मान लांब, डोकं जड, आणि पुष्कळ जुन्या स्किनमध्ये मानेत काडीच घातलेली नसते, नुसता कापूस. अशी मान एकदा लचकली की कातडीला आतून भेग पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी डोकं हातात येतं. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं असेल तर हातात नाही, इथाफोम (मऊ, दाट फोम) घातलेल्या ट्रेमध्ये न्या.

पायाचा पडदा वाळून कडक झालेला असतो, तो सरळ करायचा प्रयत्न करू नका, उभा चिरतो. चिरलाच तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. नोंद करा आणि प्रमुखांना दाखवा. गळालेलं पीस कचरा नाही. छोट्या झिप पिशवीत घालून त्यावर पक्ष्याचा क्रमांक लिहा. हा पक्षी पिसं बदलताना कुठे होता, याचा अंदाज एका पिसातल्या समस्थानिकांवरून बांधता येतो.

थापट्याची चोच स्वच्छ करायची असेल तर थोडा वेळ काढून करा. टोकाकडे ती चमच्यासारखी पसरट होते, आणि कडेने आत पाहिलं तर बारीक कंगव्याचे दात लावल्यासारख्या पट्ट्यांची रांग दिसते. साधारण ११० पट्ट्या. याच गाळणीतून तो पाण्यातले बारीक जीव वेगळे करतो. धूळ नेमकी तिथेच साठते. मऊ, कोरडा, शून्य नंबरचा ब्रश पट्ट्यांच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. पाणी किंवा स्पिरिट लावू नका. बदकाच्या चोचीवर नखासारखं कठीण आवरण नसून बरंचसं चामड्यासारखं मऊ आवरण असतं, ओल लागली की ते फुगतं आणि वाळताना सुटून येतं.

लेबल

पक्षी खराब झाला आणि लेबल शाबूत असेल तर तो नमुना अजून कामाचा आहे. पक्षी उत्तम आणि लेबल हरवलं, तर हाती उरतं ते एक सुंदर बदक. नवख्याने सगळ्यात आधी लेबल वाचायला शिकावं, मोजपट्टी नंतर.

चांगल्या लेबलावर ठिकाण, तारीख, मिळवणाऱ्याचं नाव, लिंग, वजन, पोटातलं खाद्य, आणि डोळा-चोच-पाय यांचा ताजेपणीचा रंग असतो. शेवटची गोष्ट नवख्यांना फालतू वाटते. पण स्किनमध्ये डोळा उरतच नाही, आणि चोच-पायांचा रंग वाळल्यावर उडून सगळं शिसवी-तपकिरी होतं. हळदी-कुंकू बदकाला त्याचं नाव ज्या पिवळ्या टोकावरून आणि लाल ठिपक्यांवरून मिळालं, तेही जुन्या स्किनमध्ये फिकट, मळकट दिसतात. रंग उरतो तो लेबलावरच्या चार शब्दांत.

ठिकाणाचं नाव आहे तसं उतरवा, एक अक्षरही न सुधारता. त्याचा आजचा अर्थ शेजारच्या वेगळ्या रकान्यात. जुन्या लेबलांवर ठाणे ‘टॅना’ किंवा ‘ठाणा’ असतं, कल्याण ‘कॅलियन’, वसई ‘बेसिन’, साष्टी ‘सालसेट’. ‘ठाणा जिल्हा’ लिहिलेला वसई-डहाणूचा पक्षी आज पालघर जिल्ह्यातला आहे, कारण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. पनवेलच्या पक्ष्यावर ‘कुलाबा जिल्हा’ दिसेल. तो आताचा रायगड, मुंबईतला कुलाबा नव्हे. नवी मुंबई हे नाव तर १९७० नंतरचं. त्याआधीच्या लेबलावर नुसतं ‘बेलापूर’ असेल तर थांबा: एक बेलापूर खाडीकाठचं, दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळचं. तसंच ‘वाशी’, धाराशिव जिल्ह्यात वाशी हा तालुका आहे. खाडीवरचा थापट्या आणि तलावावरचा थापट्या यांत अभ्यासाच्या दृष्टीने फार फरक आहे. त्याच माणसाने त्याच आठवड्यात मिळवलेले इतर पक्षी नोंदवहीत शोधा, बहुतेक वेळा उत्तर तिथे मिळतं. नाही मिळालं तर अर्थाचा रकाना कोरा ठेवा.

तारखेचंही तसंच. ‘३-४-३१’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? महिना रोमन आकड्यात असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर जसंच्या तसं लिहा. हिवाळी पाहुण्याच्या बाबतीत एका महिन्याच्या फरकाने ‘परतीच्या वाटेवरचा’ की ‘रेंगाळलेला’ हे बदलतं, अंदाजाने महिना ठरवू नका.

शास्त्रीय नाव जुनं दिसलं म्हणून लेबल चुकीचं ठरत नाही. तलवार बदकावर ‘डाफिला’, चक्रांगावर ‘नेटिअन’, चक्रवाकावर ‘कॅसार्का’, लालसरीवर ‘नायरोका’ असेल. आज ते अनुक्रमे अनास, अनास, टॅडोर्ना आणि एथिया या प्रजातींत आहेत. थापट्याची गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वीच्या लेबलावर ‘स्पॅटुला’, मधल्या काळातल्या लेबलावर ‘अनास’ आणि आजच्या लेबलावर पुन्हा ‘स्पॅटुला’. जनुकीय अभ्यासाने जुनं नाव परत आणलं. म्हणून मूळ लेबल कधीही काढायचं नाही, खोडायचं नाही, त्यावर काही लिहायचंही नाही. नवं नाव, नवा क्रमांक, सगळं नव्या लेबलावर, आणि ते जुन्याच्या सोबत बांधायचं.

नवं लेबल आम्लरहित, चिंध्यांपासून बनवलेल्या जाड कागदाचं. लिहायला पिगमेंट शाईचं पेन किंवा साधी एचबी पेन्सिल. बॉलपेन नको, चरबी लागली की त्याची शाई फुटते आणि अक्षर निळा डाग होऊन बसतं. दोरा सुती, दुहेरी, गाठ पायाला घट्ट पण कातडीत न रुतणारी.

लेबल सुटलेलं सापडलं तर? खणात एकच पक्षी बिनलेबलाचा आहे म्हणून ते त्याला बांधून टाकण्याचा मोह होतो. बांधू नका. लेबल आणि पक्षी दोन्ही एका पिशवीत घाला, ‘सुटं सापडलं, खण क्रमांक अमुक, तारीख तमुक’ अशी चिठ्ठी टाका आणि नोंदवहीतल्या मापांशी ताडून मगच ठरवा. चुकीचं लेबल लागलेला पक्षी हा बिनलेबलाच्या पक्ष्याहून वाईट, कारण त्याच्यावर पुढचा माणूस विश्वास ठेवतो.

नर लिहिलंय, पण दिसते मादी

बदकांच्या खणात नवख्यांनी केलेल्या ‘दुरुस्त्यां’पैकी सर्वात जास्त इथे सापडतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक यांचे नर विणीनंतर भडक पिसं टाकून मादीसारखा तपकिरी वेष घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे उतरणारे बरेच नर अजून याच वेषात असतात. तेव्हा ऑक्टोबरचा, तपकिरी आणि लेबलावर नराची खूण असलेला थापट्या ही चूक नाही, उलट तो मोलाचा नमुना आहे.

पडताळायचं असेल तर मिटलेल्या पंखाचा वरचा भाग हलकेच पाहा. थापट्याच्या नराचा तो पट्टा तपकिरी वेषातही स्वच्छ आभाळी असतो, मादीचा मळकट करडा. लेबलावर डोळ्याचा रंग पिवळा किंवा नारिंगी लिहिला असेल तर पूर्ण वाढलेला नर. आणि सोबतच्या डबीत श्वासनळी जपलेली असेल तर आणखी चांगलं: या बदकांच्या नरांत श्वासनळी जिथे दुभंगते तिथे डावीकडे हाडाचा एक पोकळ फुगा असतो, मादीत नसतो. अंडाशय-वृषण धड दिसत नाहीत अशा कोवळ्या पक्ष्यातही तो सापडतो.

मापं

पंखासाठी शून्यापाशी आडवी कड असलेली मोजपट्टी, चोच आणि नडगीसाठी ०.१ मिलिमीटर दाखवणारं व्हर्निअर कॅलिपर. पंख मिटलेला ठेवूनच, मनगटाच्या बाकापासून सर्वात लांब पिसाच्या टोकापर्यंत. पंखाला नैसर्गिक बाक ठेवून मोजलं की पट्टीवर दाबून सपाट करून, हे लिहायलाच हवं. दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दोघांनी दोन पद्धतींनी मोजलेली यादी वाया जाते. चोच कपाळावरची पिसं संपतात तिथपासून टोकाच्या नखापर्यंत. चक्रांगाची चोच ४ सेंटिमीटरच्या आत भरते, थापट्याची ६ ते ७. प्रत्येक माप तीनदा घ्या. वाळलेल्या पक्ष्याचं माप ताज्यापेक्षा थोडं कमी येतं, दोन्ही एका रकान्यात मिसळू नका.

तेल सुटलेली स्किन

खण उघडल्यावर जुन्या खोबरेल तेलासारखा खवट वास आला तर नाक ज्या पक्ष्याकडे नेईल तो बाहेर काढा. छातीची पिसं ओली, चिकटून झुपके झालेली. पोटाची शिवण तपकिरी. खालचा कागद डागाळलेला. चरबीचं विघटन होऊन आम्लं तयार झाली आहेत आणि ती कातडीतलं प्रथिन खात आहेत. गरमीत हे झपाट्याने वाढतं.

नवख्याने यात एवढंच करायचं, आणि हे नेमकं करायचं:

१. लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो, आजच. पुढच्या वर्षी अक्षर दिसेलच असं नाही.
२. लेबल न सोडता पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात सरकवा, म्हणजे ते पिसांना टेकणार नाही.
३. पक्षी आम्लरहित टिशूच्या दोन-तीन घड्यांवर, वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. टिशू डागाळला की बदला.
४. ट्रे कपाटाच्या सर्वात थंड भागात. उन्हात तर अजिबात नाही.
५. नोंदवहीत तारीख टाकून ‘चरबी सुटली’ अशी नोंद.

धुवायला जाऊ नका. ताजी कातडी धुता येते. तेल सुटलेली जुनी कातडी पाणी लागताच बिस्किटासारखी विरघळते. विद्रावकाने स्वच्छ करण्याचं काम संवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे.

पावसाळा आणि कसर

संग्रहाच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. आपल्याकडे जुलैत बाहेर ८५-९० टक्के असते. नुसत्या एसीवर भागत नाही. संध्याकाळी एसी बंद झाला की दमट हवा आत शिरते आणि थंड झालेल्या स्टीलच्या कपाटावर दव धरतं. रोज वर-खाली होणारी हवा एकसारख्या थोड्या जास्त ओलीपेक्षा वाईट. ओल शोषणारं यंत्र चोवीस तास चालवा आणि त्याची नळी थेट बेसिनमध्ये सोडा. शनिवारी टाकी भरते, यंत्र आपोआप बंद पडतं आणि सोमवारी खण उघडतो तेव्हा चोचीवर पांढरी बुरशी, हा प्रकार नळी नसल्यामुळे होतो. सिलिका जेल वापरलंत तर नारिंगी रंगाचं. निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. संग्रह तळमजल्यावर असेल तर सर्वात खालचा खण रिकामा ठेवा. २६ जुलै २००५ पाहिलेल्या गावात यामागचं कारण वेगळं सांगायला नको.

कीड म्हणजे मुख्यतः डर्मेस्टिड कुळातले भुंगेरे आणि कपड्यांची कसर. पिसं-कातडी खाते ती अळी; भुंगेऱ्याची अळी चार-पाच मिलिमीटर, तपकिरी, केसाळ. खुणा तीन: खणाच्या तळाशी बारीक पूड, अळीने टाकलेल्या पोकळ काती, आणि बोट लावताच झुपक्याने सुटणारी पिसं. ही कीड येते कुठून? खिडकीच्या सज्जावरच्या कबुतरांच्या घरट्यांतून, आणि या भुंगेऱ्यांचे काही प्रौढ फुलांवर जगतात म्हणून सत्काराच्या गुच्छांतूनही. सज्जाला जाळी लावा. गुच्छ या खोलीत आणू नका. प्रत्येक कपाटाच्या पायाशी चिकट सापळा ठेवून दर पंधरा दिवसांनी काय सापडलं ते लिहा.

डांबराच्या गोळ्या टाकायची सवय जुनी आहे, पण ती सोडा. त्याने भरलेल्या खणातली कीड खात्रीने मरत नाही, आणि वाफ मात्र रोज काम करणाऱ्याच्या छातीत जाते.

कीड मारायची ती थंडीने. पक्षी पॉलिथिनच्या पिशवीत, हवा जमेल तितकी काढून, तोंड बंद. उणे २० अंशांवर १४ दिवस. मग बंद पिशवीतच २४ तास खोलीत ठेवा, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, पिसांवर नाही. पिशवी लगेच उघडणं ही इथली नेहमीची चूक. नंतर पुन्हा एकदा फ्रीजरमध्ये, उरलेल्या अंड्यांसाठी. फ्रीजरचं तापमान आत थर्मामीटर ठेवून तपासा. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजरचं तापमान मधूनमधून वर जातं. मान लांब म्हणून बदक पिशवीत दुमडून कोंबू नका, गोठलेलं असताना ते जास्त ठिसूळ असतं.

मेलेलं बदक सापडलं तर

उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्य पक्षीही सरकारी मालमत्ता आहे. तो ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि संग्रहासाठी ठेवायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वन विभागाची हेल्पलाइन १९२६. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून ते रामसर स्थळही आहे, आणि त्याची देखरेख कांदळवन कक्षाकडे आहे. तिथला पक्षी असेल तर त्यांना कळवा. परवान्याच्या प्रतीवरचा क्रमांक नोंदवहीत पक्ष्याच्या क्रमांकासमोर लिहिलेला असलाच पाहिजे.

एकाच जागी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर परवानगी असली तरी हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता. रानबदकं हा विषाणू आजारी न दिसताही बाळगू शकतात.

परवानगी आणि आरोग्याची खात्री झाल्यावरच कातडी काढायची. पहिली दोन-तीन बदकं जाणत्या माणसाशेजारी बसून करा.

१. फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला पक्षी रात्रभर साध्या फ्रीजमध्ये वितळू द्या, टेबलावर नाही; बाहेरून सडायला लागतो आणि आत बर्फ राहतो. वजन, सगळी मापं, चोच-पाय-डोळ्याचा रंग आत्ताच लिहा.

२. घशात, नाकपुड्यांत आणि गुदद्वारात कापूस भरा. नाहीतर पोटातलं पाणी छातीच्या पिसांवर येतं.

३. छातीच्या हाडाच्या मध्यापासून गुदद्वाराच्या अलीकडेपर्यंत फक्त कातडीला चीर. खाली पिवळा थर दिसेल, तो चरबीचा. सुरी त्यात उतरली की तेल पिसांवर येतं, म्हणून जवळ लाकडाचा बारीक, कोरडा भुसा ठेवा आणि दर मिनिटाला शिंपडा.

४. धड सोडवत मानेपर्यंत या. लहान पक्ष्यात कातडी डोक्यावरून मोज्यासारखी उलटते. बदकात उलटत नाही, कारण डोक्याच्या मानाने मान अरुंद. जोर लावला की कातडी फाटते. डोक्याच्या मागच्या बाजूने मानेवर तीन-चार सेंटिमीटरची वेगळी चीर घ्या, त्यातून कवटी साफ करा, मेंदू आणि डोळे काढा, नंतर बारीक टाक्यांनी शिवा.

५. शेपटीच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी पूर्ण काढा. ती राहिली तर बाकी सगळी मेहनत फुकट.

६. आता खरं काम. उलटी कातडी पाटावर पसरून बोथट पात्याने चरबी खरवडा. पिसांची मुळं रांगेने उभी दिसतील. रांगांच्या मधून, रांगेच्या दिशेने जा. मूळ तुटलं की बाहेरचं पीस गळतं. काखेत, मांडीच्या घडीत आणि शेपटीजवळ हमखास चरबी राहते. एका मध्यम बदकाला यातच दोन-तीन तास जातात आणि तेवढे द्यायलाच हवेत.

७. कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून दोन-तीन वेळा धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. पिवळी कातडी पांढुरकी झाली पाहिजे. नंतर टर्पेंटाइनसारख्या विद्रावकात थोडा वेळ, तेही धूर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच. पिसं मक्याच्या स्टार्चने आणि थंड हवेच्या ड्रायरने फुलेपर्यंत वाळवा.

८. काढलेल्या धडाच्या मापाचा कापूस बांबूच्या काडीवर गुंडाळा; काडीचं एक टोक कवटीत, दुसरं शेपटीजवळ. धडापेक्षा जाड भरलं तर छातीची कातडी ताणून पिसांत फटी पडतात. शिवा, पंख मिटा, पायांचे पडदे पुठ्ठ्यावर टाचण्यांनी पसरून वाळू द्या. एक पंख उघडा वेगळा वाळवता आला तर अवश्य ठेवा.

९. छातीच्या स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, त्याच क्रमांकाने. पोटातलं खाद्य वेगळ्या बाटलीत. त्यात शिशाचे छर्रे किंवा प्लॅस्टिक सापडलं तर लेबलावर लिहा. वृषण किंवा अंडाशयाचं माप आणि हाडाचा फुगा पाहून लिंग ठरवा, मगच लेबलावर खूण करा.

वाळायला ओल नियंत्रित असलेल्या खोलीत दोन-तीन आठवडे, पंख्याच्या वाऱ्यावर, उन्हात नाही. खणात ठेवण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे १४ दिवस फ्रीजर. खणात ठेवताना छातीखाली पांढरा आम्लरहित टिशू घाला आणि त्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलने तारीख टाका. सहा महिन्यांनी तो टिशू उजेडासमोर धरा. कुठे आरपार डाग दिसला तर काखेत किंवा शेपटीजवळ चरबी राहिली आहे. त्याची नोंद पक्ष्याच्या क्रमांकासमोर करा, आणि लेबल त्याच दिवशी पाकिटात घाला.